बाभळीचे ठोकळे

आण्णा,

दिवाळीनंतर मी गाडी घेतली. माझ्या पगारातून, माझ्या नावावर, घरात फारसं कुणाला न विचारता. उंच आहे, चौकोनी आहे, चारही चाकांना जोर देता येतो. शोरूममधला मुलगा मोठ्या उत्साहानं सांगत होता, "मॅडम, हिचं मूळ मिलिटरीचं आहे. लढाईत चिखलातून जायला बनवलेली गाडी, नंतर लोकांकडं आली." मी मान डोलावली. त्याला काय सांगणार, की लढाईतून निघून थेट दूध संस्थेत रुजू झालेली एक गाडी आमच्या अंगणात उभी असायची. किल्ली हातात आली, पेढा तोंडात आला, नवऱ्यानं फोटो काढला, आणि त्या वेळी मला तुमची आठवण यायला हवी होती. आली नाही. आठवली ती वहिनी. वहिनीला ही गाडी कधी दाखवते असं मला झालं. दाखवते म्हणजे काय, दाखवून देते. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे, कारण हे सगळं सुरू झालं ते तुमच्यापासून, आणि तुम्हाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी पहिली-दुसरीत असेन तेव्हा तुम्ही नगरच्या मिलिटरीच्या लिलावातून ती जीप आणलीत. पुढची काच मधोमध दुभागलेली आणि पुढं बॉनेटवर पाडता येणारी, छप्पर ताडपत्रीचं, दरवाजे नाहीतच. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. आवाज ऐकून पिठाच्या हातानं उंबऱ्याशी आली. "ह्ये काय धूड आणलं?" तुम्ही म्हणालात, "आगं, लढाईला गेलती ही." आईनं तिच्याकडं एकदा वरून खाली पाहिलं. "मंग हारलेली दिसती," म्हणाली, आणि भाकरी करपेल म्हणून आत गेली. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही बॉनेटवर हात ठेवून उभे होता, जसा नव्या बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा. मला तो हात अजून दिसतो. माझ्या पाठीवर तुमचा हात कधी तसा, उगाच, काही काम नसताना पडल्याचं मला आठवत नाही. माझ्या आयुष्यातला पहिला हेवा मला त्या लोखंडाचा वाटला, हे आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा हसू येत नव्हतं.

तुम्ही तिला दुधासारखा पांढरा रंग दिलात. संस्थेची गाडी आहे हे लांबून कळावं म्हणून. पण दर उन्हाळ्यात तो रंग कुठं ना कुठं पोपडे धरायचा आणि खालून मिलिटरीचा हिरवा डोकवायचा. संस्था तुम्हीच उभी केली होती. आपल्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर घरटी एखादी गाय, एखादी म्हैस, आणि दूध फाट्यापर्यंत न्यायला रस्ता नाही. ट्रॅक्टर नाल्यात रुतायचा, बैलगाडीनं दूध पोचेपर्यंत नासायचं. तुम्ही चेरमन होता, पण कॅन उचलायला खांदा तुमचा, गाडी चालवायला हात तुमचे. नाल्यात उतरायच्या आधी तुम्ही थांबायचात, ती बुटकी दांडी ओढायचात, चारही चाकं एकदम जागी व्हायची, आणि जीप दगडांवरून अशी चढायची की मागचे भरलेले कॅन एकमेकांना हलकेच टेकायचे, आपटायचे नाहीत. दूध हिंदकळलं की तुम्हाला स्वतःचाच राग यायचा.

आणि तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. याची गंमत फक्त आपल्या भागातल्या लोकांनाच करता आली असती. आपल्याकडं सगळ्या गाड्यांचा ड्रायव्हर उजवीकडं, त्यामुळं जो उजवीकडं बसलाय तोच गाडी चालवतोय असं लोकांनी डोळे झाकून धरलेलं. आणि उजवीकडं मी बसायचे. फाट्यावरच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसणारा तो टोपीवाला म्हातारा, तेव्हा तो म्हातारा नव्हता, आपली जीप पहिल्यांदा पाहून ओरडला होता, "आरं बघ बे, चेरमनची पोरगी गाडी हाणायलीय." सगळं बाकडं उठून उभं राहिलं. तुम्ही तोंडावरची रेघ न हलवता मला हळूच म्हणालात, "हॉर्न वाजव." मी समोरच्या पत्र्यावर हात दाबला, आणि तुम्ही तुमच्या बाजूनं हॉर्न वाजवलात. मग तो आपला रोजचा खेळ झाला. नाला ओलांडला की तुम्ही म्हणायचात, "हॉर्न," आणि मी पत्रा दाबायचे. वळण आलं की मी हवेतलं चाक फिरवायचे. पुढं पुढं लोकांना कळलं, तरी ते हात करायचे मलाच. उजव्या बाजूची ती जागा माझी होती. तिच्यावर बसून मी किती वर्षं ती गाडी चालवली, आण्णा, एकदाही न चालवता.

दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत मी तुम्हाला म्हणाले, आता खरंच शिकवा. सकाळची वेळ होती, कॅन चढवून झाले होते, तुम्ही अंगणात फडक्यानं हात पुसत होता. तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाहीत, माझ्या पायांकडं पाहिलंत. "पाय पुरायचे न्हाईत तुझे," म्हणालात. मी वर्गातली सगळ्यात उंच मुलगी होते. मी तुमच्या जागेवर चढले, क्लच दाबला, तो तळाला टेकला. पुन्हा दाबला. "पुरतात की, आण्णा. बघा." तुम्ही ताडपत्रीची दोरी बांधत होता. "उतर माय. दूध तापायलंय." मी उतरले आणि फिरून माझ्या जागेवर जायला लागले, तर तिथं संस्थेचा सेक्रेटरी बसला होता. तुम्ही म्हणालात, "आता मोठी झालीस. फाट्यावर बरं न्हाई दिसत. यायचं असंल तर मागं बस." मी मागं बसले नाही. घरात गेले. एका सकाळीत डावी बाजू मिळाली नाही आणि उजवी गेली. आईनं चुलीपुढून विचारलं, "गेली न्हाईस कावून?" मी म्हणाले, डोकं दुखतंय.

यावर मी रडले वगैरे नाही. त्या काळी आपल्या गावात मुलगी सायकल चालवायची तरी लोक बघत राहायचे. तुमचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. मी कॉलेजला गेले, मग लग्न झालं, शहरात नोकरी लागली. वहिनी माझ्या लग्नाच्या आधी वर्षभर घरात आली होती. ठेंगणी, माझ्या खांद्याला लागेल एवढी, हसली की पदर तोंडात धरणारी. मला ती आवडायची. तिच्या हातची शेंगाची चटणी मी डबा भरून न्यायचे. तेव्हा तिच्यात हेवा करण्यासारखं काही आहे असं माझ्या स्वप्नात आलं नसतं.

मग ते कोरडे पावसाळे लागोपाठ आले. धरणाचा तळ भेगाळला, ऊसच नाही म्हणून दादा कामाला होता तो साखर कारखाना बंद राहिला आणि दादा पुण्याला कामाला गेला. गुरं छावणीत बांधली. घरी उरलेल्या म्हशी अर्ध्यावर आल्या. आणि नेमके त्याच वर्षांत तुमचे डोळे गेले. काचबिंदू म्हणाले डॉक्टर, उशीर झालाय म्हणाले. फाट्यावर येणारा दुधाचा टँकर म्हणत होता, एवढ्याशा दुधासाठी आम्ही गाडी वळवणार नाही. सगळ्या वाड्यांचं मिळून वेळेत आणून द्याल तर थांबतो. टँकर थांबला नाही तर संस्था बंद, एवढा साधा हिशेब होता. तुम्हाला समोरचा माणूस धूसर दिसत होता, दादा पुण्यात होता. फोनवर आई मला म्हणाली, "आगं, तुझी वयनी जीप चालवायलीय." मला वाटलं, ती थट्टा करतेय.

त्या मे महिन्यात मी लेकराला घेऊन चार दिवस आले. अंगणात जीप उभी, आणि वहिनी साडीचा काष्टा घालून मागून कॅन उतरवत होती. तिची कातडी उन्हानं रापली होती आणि ती आधीपेक्षा उंच वाटत होती. मी जीपमध्ये डोकावले. सीटच्या पाठीला गोधडीची घडी लावलेली. आणि खाली, क्लचवर आणि ब्रेकवर, एकेक लाकडाचा ठोकळा. बोल्टनं आवळलेला. वरचा भाग पावलाच्या आकारानं थोडा खोलगट तासलेला.

"हे काय गं?"

"ठोकळे," ती पदर तोंडात धरून हसली. "माझे पाय पुरत न्हाईत ना, ताई. आण्णांनी बसवून आणले बीडातून. चाचाकडून."

मी स्वयंपाकघरात गेले आणि माठातलं पाणी प्याले. पुन्हा एक तांब्या प्याले. टँकरच्या पाण्याचा महिना होता, आईनं माझ्याकडं पाहिलं आणि माठावर झाकण ठेवलं. मग मी ओसरीत तुमच्या बाजेपाशी आले. तुम्ही माझ्या पावलांच्या आवाजावरून ओळखलंत, "ये माय." मी म्हणाले, "वहिनीसाठी ठोकळे बसवले म्हणे." तुम्ही म्हणालात, "हा. तिचे पाय पुरंनात." इतकं सरळ. पाय पुरत नाहीत तर ठोकळे बसवायचे. मी म्हणाले, "माझे पुरत होते, आण्णा." तुम्ही मान माझ्या बाजूला वळवलीत, जिथं मी होते त्याच्या जराशी चुकवून. "कुठं?" म्हणालात.

तुम्हाला आठवत नव्हतं. मी ते वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आणि ते म्हणणाऱ्याकडं त्याची आठवणसुद्धा नव्हती. मी म्हणाले, काही नाही, चहा आणू का.

परत जाताना बीडला बसस्टँडमागं चाचांच्या गॅरेजवर थांबले. का थांबले ते मला सांगता येत नाही. दुखरा दात जिभेनं पुन्हा पुन्हा चाचपावा तसंच काहीतरी. त्या जीपचं दुखणं-खुपणं तीस वर्षं त्यांनीच पाहिलं होतं. मला खुर्ची दिली, चहा मागवला. ठोकळ्यांचं विचारलं तर खूश झाले. "बाभूळ हाय बेटा ती, जुनी. तुमचे वडील पूरा दिवस हितं बसलते. दिसत तर न्हवतं त्यांना. म्या तासून द्यायचा, त्यांनी हातानं चाचपून बघायचं, परत माझ्याकडं. मी बोललो, चेअरमनसाब, लाकडाला एवढं काय बघायलाव? तर मनले, पाय घसरला न्हाई पाहिजे चाचा, पोरीचा जीव हाय." चाचांनी हे माझं मन भरून यावं म्हणून सांगितलं. मला फक्त एक शब्द ऐकू आला. पोरीचा. ते वहिनीला म्हणाला होता तुम्ही. मी चहा अर्धा ठेवून निघाले, बस चुकेल म्हणाले. बसला अजून वेळ होता.

आणि त्यानंतर, आण्णा, मी घरी येणं कमी केलं. कारणं होती. लेकराची शाळा, ऑफिस. पण मी आले की पहाटे जीपचा आवाज व्हायचा, तुम्ही काठी टेकत जाऊन उजव्या बाजूला बसायचात, माझ्या जागेवर, आणि ती तुमच्या जागेवर. दोघं निघून जायचात. तुम्हाला दिसत नसताना तुम्ही रोज तिच्यासोबत का जात होता, गाडीत बसून तिला काय सांगत होता, हे मला ओसरीतून ऐकू यायचं नाही. परत आलात की तुमच्या अंगाला धूळ आणि दुधाचा वास असायचा आणि तुम्ही दोघं अर्ध्यावर सोडलेलं बोलणं पुढं चालवत आत यायचात. "मंग त्या वळणाला दुसरा गेर न्हाई पडला?" "पडला की. तुमालाच झोप लागलती." तुम्ही हसायचात. असं हसणं मी तुमच्याकडून कधी काढू शकले नव्हते. तुम्ही गेलात त्या दिवशीही मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. वहिनी सांगत होती, शेवटी तुम्ही टँकर आला का एवढंच विचारलंत, आणि तिनं हो म्हटलं. मला तिथंही वाटलं, तुमचा शेवटचा प्रश्नसुद्धा तिच्याच वाट्याला गेला. तुमच्या उशाशी बसून असलं काही मनात यावं, याची लाज वाटली. पण आलं.

आता परवाचं सांगते. दादा निवृत्त होऊन गावीच असतो. त्याचा फोन आला. संस्थेनं नवा पिकअप घेतलाय, नाल्यावर पूल झालाय, जीपचं काम उरलं नाही. पुण्याचा एक हौशी माणूस जुन्या मिलिटरीच्या जीपा गोळा करतो, तो मागं लागलाय. "पण तुझा हक्क आधी. तुला पाहिजे असंल तर तू ने. न्हाईतर पुढच्या आठवड्यात देऊन टाकतो." मी विचारलं, "वहिनी काय म्हणते?" दादा म्हणाला, "ती काय मनणार? मनली, ताईंना विचारा." मी लगेच हो म्हणाले. आण्णा, मला ती चालवायची नव्हती. माझ्या सोसायटीत ती उभी करायला जागा नाही. मला फक्त ती तिथून हलवायची होती. तुमचं जे काही तिच्याकडं गेलं त्यातलं निदान एवढं, जे दोरीनं बांधून ओढून नेता येतं, ते मला परत पाहिजे होतं.

म्हणून नवी गाडी घेऊन निघाले. गोदावरीचा पूल, गेवराई, वाळू वाहणाऱ्या हायवा डंपरांची रांग, बीड, मांजरसुंब्याचा घाट. सगळा रस्ता मी वहिनीचं तोंड कसं होईल ते बघत होते. अंगणात गाडी उभी केली. वहिनी बाहेर आली. केस पिकलेत आता तिचे, गुडघे धरून चालते. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. मग ओणवी होऊन गाडीच्या पोटाखाली पाहिलं, जसं कुणी पाहिलं नव्हतं अजून. "हिला लो गेर हाय का, ताई?"

"आहे ना."

"कवा लावला?"

चारही चाकांचा तो जोर मी कधीच लावला नव्हता. शहरात कुठं लावणार? तिनं टायरवर थाप मारली, "लई भारी हाय," म्हणाली, आणि मी म्हटलं म्हणून आत बसली. तिचे पाय हवेत होते. मला आतून एकदम बरं वाटलं. पण शेजारी एक बटण असतं, ते तिच्या हाताला लागलं, आणि सीट हळूहळू पुढं सरकायला लागली. पुढं, अजून पुढं, वर, आणि तिचे पाय अलगद टेकले. "आगं बया," ती पदर तोंडात धरून हसायला लागली, "ही तर सोताच पुढं येतीय. हिला ठोकळे कशाला लागतील?" मी कर्ज काढून घेतलेली गाडी, आण्णा, पहिल्याच भेटीत तिच्या मापाची झाली.

मी म्हणाले, "मला जीप चालवून बघायचीय." ती म्हणाली, "चालवा की. पन तुमाला ठोकळे आडवे येतील, तुमचे पाय लांब." ती पाना घेऊन आली, गुडघे दुखत असताना खाली वाकली, आणि दोन्ही ठोकळे खोलले. एकेक नट काढून माझ्या तळहातावर ठेवत गेली. "धरा ताई. सांडू नका. असले आटे आता मिळत न्हाईत." चार नट. तेलकट, गरम. ठोकळे तिनं पदरानं पुसून ओसरीच्या कठड्यावर ठेवले. त्यांच्यावरचा खोलगटपणा आता जास्त झाला होता. चाचांनी तासला त्याहून खोल, तिच्या पावलानं.

मी डावीकडं बसले, ती उजवीकडं. पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा कॅन भिंतीवर आपटावेत तसा हिसका बसला. नव्या पुलावरून नको, जुन्या नाल्यातून घेऊ, असं मीच म्हणाले, आणि नाल्याच्या मध्यावर दगडाला चाक लागलं आणि मी घाबरून पाय दाबला. इंजिन किंचाळलं.

"हाणू नका," वहिनी म्हणाली. डोळे मिटून बसली होती ती. "हाणू नका, ऐका. काय मागायलीय बघा. मागंल तेवढंच द्या. तिला काय गडबड न्हाई, दुधाला हाय."

"हे कोण म्हणायचं?"

"आण्णा. अजून कोन? त्यांना दिसायचं न्हाई ना, आवाजावर शिकवलं मला. मी डोळे उघडून चालवायचे, ते डोळे मिटून." तिनं डोळे उघडले नाहीत. "आता हळू सोडा. हं. सोडा."

जीप दगडावर चढली, पलीकडं उतरली. तुमचा धडा मला मिळाला, आण्णा, इतक्या वर्षांनी, आणि तोही तिच्या तोंडून, तिच्या आवाजात. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, हे माझ्या कानात आधी पडायला हवं होतं.

फाट्यावर तो टोपीवाला अजून बसतो, आता खरोखर म्हातारा. त्यानं हात केला तो उजवीकडं, वहिनीला. "काय सूनबाई, आज बिना दुधाची? आन ह्या पाव्हण्या कोन?"

पाव्हण्या. मी काही बोलायच्या आत वहिनीच म्हणाली, "आवं बाबा, चेरमनची लेक न्हाई का ही. ल्हानपनी हिथं, ह्याच जागेवर बसून गाडी हाणायची ती."

म्हातारा बोळक्या तोंडानं हसला. "हां. हॉर्नवाली."

मी तिच्याकडं पाहिलं. त्या जागेचं, त्या खेळाचं तिला कुणी सांगितलं? ती लग्न होऊन घरात यायच्या कितीतरी आधीचं ते. परत निघालो तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "आण्णा रोज सांगायचे. नाला वलांडला की सांगायचेच. हिथं माझी पोर हॉर्न वाजवायची, लई खोडीची हुती, असं करायची, तसं करायची. रोज तेच. मला राग यायचा, ताई. खोटं कावून बोलू? पहाटं उठायचं, कॅन उचलायचे, गाडी मी चालवायची, आन गोष्ट तुमची. एकदा मी मनले, आण्णा, मी बी हितंच हाय की. तर मनले, हा की, पुढं बघ."

नाला आला. नाला ओलांडल्यावर मला वाटलं, आता ती म्हणेल, हॉर्न. ती म्हणाली नाही, आणि मी वाजवला नाही. तुम्हाला खरं सांगते, मला तिची कीव आली नाही. तिला इतकी वर्षं माझा राग येत होता, हे ऐकून मला गार पाणी प्याल्यासारखं झालं. बाकी सगळं मागाहून आलं. तिचे गुडघे, तिच्या पहाटा, संस्था बंद पडली नाही ती कुणामुळं, हे सगळं नंतर सुचलं. आधी ते गार पाणी.

अंगणात आल्यावर मी दादाला म्हणाले, जीप कुठं जायची नाही. पुण्यालाही नाही, माझ्याकडंही नाही. वहिनीची आहे ती. दादा म्हणाला, "तुला नको? एवढ्या हौसेनं आलीस." मी म्हणाले, "मला माझी आहे." वहिनी ठोकळे घेऊन खाली वाकलीच होती, तिनं वर पाहिलं नाही, फक्त पाना थोडा वेळ थांबला. मग तिनं हात मागं केला, "द्या ताई, नट द्या."

मी एकेक दिला. तिनं आधी ब्रेकचा ठोकळा दोन्हीकडून घट्ट आवळला. मग क्लचचा. एक बसवला. हात परत मागं आला. मी म्हणाले, "तीनच होते ना?" ती म्हणाली, "चार की." मी ओंजळ उघडून दाखवली. तिनं कपाळाला हात लावला, आणि आम्ही दोघी अंगणातल्या मातीत बसून नट शोधायला लागलो. ती बोटांनी माती चाळत होती, मीही चाळत होते. शेवटी ती उठली, ताटव्याच्या कुंपणातून तारेचा तुकडा काढून आणला आणि पिळून बांधला. "क्लचचाच हाय. तारंवर धकतंय. आण्णा मनायचे, जीप लोखंडावर कमी आन तारंवर जास्ती चालती." माझ्या पर्समध्ये चटणीचा डबा ठेवताना तिचा हात आत गेला, तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. चौथा नट आतल्या कप्प्यात होता.

आता तो माझ्या गाडीत, गिअरपाशी नाणी ठेवायची जागा असते, तिथं आहे. जीप दिली, ती मनापासून दिली. हा दिला नाही. ज्या नटानं तुम्ही तिचा पाय घट्ट केला होता, तेवढा एक मी तिच्याकडून काढून घेतला, आणि परत देईन असं रोज म्हणते. रस्ता खराब असला की तो वाजतो. नवरा विचारतो, नव्या गाडीत हा आवाज कसला, दाखवून घे. मी म्हणते, घेते. त्याला कळत नाही. तुम्ही उजवीकडं डोळे मिटून बसला असता, तर पहिल्याच खड्ड्यात ओळखलं असतं. म्हणून एका परीनं बरं वाटतं की हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही.